स्टीरिओच्या जोडीला सबवूफर घ्यावा का? एका बैठकीच्या खोलीचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातील चौथ्या मजल्यावरची सदनिका. बैठकीची खोली १६ फूट लांब, ११ फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच. साडेसहा इंची वूफर (खालचे स्वर वाजवणारा पडदा) असलेले दोन बुकशेल्फ, म्हणजे लहान पेटीचे, स्पीकर स्टँडवर, आखूड भिंतीपासून दीड फूट पुढे ठेवलेले. ५० वॉटचा इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर. ऐकण्याची खुर्ची खोलीच्या साधारण मध्यावर. ऐकणे मुख्यतः शास्त्रीय गायन आणि तबला, जुनी नाट्यपदे, थोडे जॅझ, सुट्टीच्या दिवशी एखादा चित्रपट, आणि तेही बहुतेक रात्री जेवणानंतर. तक्रार अशी की एकूण आवाज पातळ वाटतो, पण डग्ग्याचे काही बोल मात्र नको तितके घुमतात. दुकानदाराने दहा इंची सबवूफर, म्हणजे फक्त सर्वांत खालचे स्वर वाजवणारी वेगळी पेटी, सुचवला आहे. तो घ्यावा का?

माझे उत्तर असे: आज घेऊ नका. आधी खुर्ची आणि स्पीकर हलवा, जमिनीवर गालिचा घाला आणि काही आठवडे ऐका. त्यानंतरही खर्जाची उणीव राहिली आणि सबवूफर ठेवण्यासाठी खोलीत एकापेक्षा अधिक जागा मोकळ्या करता येत असतील, तर अवश्य घ्या. तो तुमच्या स्पीकरांवर उपकारच करील. पण सबवूफर ठेवायला टीव्हीच्या कपाटाशेजारचा एकच कोपरा उपलब्ध असेल, तर ते पैसे वाचवावेत असे मी म्हणेन. या उत्तरामागची कारणे सविस्तर सांगतो, कारण ती कळल्याशिवाय निर्णय तुमचा होणार नाही.

तुमच्या तक्रारीतच एक महत्त्वाचा धागा आहे. ज्या स्पीकरांत खर्ज खरोखर कमी असतो, त्यांच्यात डग्गा घुमत नाही; तो कोरडा आणि लहान ऐकू येतो. एकाच वेळी पातळपणा आणि घुमणे या दोन्ही गोष्टी जाणवत असतील, तर काही स्वर वाढून आणि काही स्वर नाहीसे होऊन कानापर्यंत पोहोचत आहेत, आणि ही करामत स्पीकरांपेक्षा खोलीची असण्याची शक्यता फार मोठी आहे.

ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. त्यामुळे ८० हर्ट्झच्या (सेकंदाला ८० कंपनांच्या) स्वराची तरंगलांबी सव्वाचार मीटरच्या आसपास, तर ४० हर्ट्झची साडेआठ मीटरपेक्षा अधिक भरते. म्हणजे खर्जाच्या लाटा तुमच्या खोलीएवढ्या किंवा खोलीपेक्षाही मोठ्या असतात. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या लाटेची अर्धी लांबी नेमकी बसते, ती लाट तिथे उभी राहते आणि टाकीतले पाणी हिंदकळावे तशी वागते: दोन्ही टोकांना जोरदार वर-खाली, मध्यभागी जवळजवळ स्थिर. तुमच्या १६ फुटांच्या लांबीसाठी ही कंपनसंख्या सुमारे ३५ हर्ट्झ येते, ११ फुटांच्या रुंदीसाठी ५१ आणि साडेनऊ फुटांच्या उंचीसाठी ५९. लांबीच्या दिशेने दुसरी उभी लाट ७० हर्ट्झच्या आसपास पडते. ती मात्र दोन्ही टोकांप्रमाणेच मध्यावरही जोरात असते आणि भिंतींपासून चार-चार फुटांवर शांत असते.

आता तुमची खुर्ची पाहा. ती लांबीच्या मध्यावर आहे, म्हणजे ३५ हर्ट्झचा स्वर जिथे जवळजवळ ऐकूच येणार नाही, नेमकी तिथे. तीच जागा ७० हर्ट्झच्या शिखराची आहे. रुंदीच्याही मध्यावर तुम्ही बसता (स्टीरिओसाठी बसायलाच हवे), त्यामुळे ५१ हर्ट्झला खोलीकडून मिळणारा आधार तिथे मिळत नाही. शिवाय भिंतीपासून दीड फुटावरचे स्पीकर ७० हर्ट्झच्या लाटेला चांगलाच जोर देतात. डग्ग्याचा मूळ स्वर वादकाच्या मनगटाच्या दाबानुसार साधारण ७० ते ११० हर्ट्झमध्ये फिरतो; म्हणून दाब सैल असताना वाजणारा बोल या शिखराला टेकला की तो घुमतो आणि मींड वर गेली की पुन्हा सडपातळ होतो. तुम्ही केलेले वर्णन याच्याशी तंतोतंत जुळते.

यावरचा पहिला उपाय फुकट आहे. खुर्ची दोन फूट मागे, म्हणजे पुढच्या (स्पीकरांमागच्या) भिंतीपासून दहा फुटांवर न्या. हिशेबाप्रमाणे तिथे ७० हर्ट्झच्या लाटेचा जोर सुमारे तीन डेसिबलने उतरतो आणि ३५ हर्ट्झची लाट, जी मध्यावर शून्य होती, ती एक-तृतीयांशाहून थोडी अधिक जाणवू लागते. स्पीकर दीड फुटांऐवजी तीन फूट पुढे आणा. त्यामुळे ७० हर्ट्झच्या लाटेला त्यांच्याकडून मिळणारी चालना निम्म्याहून कमी होते. हे आकडे रिकाम्या, चौकोनी खोलीचे आहेत. तुमची खोली जेवणाच्या जागेत उघडत असेल किंवा एका बाजूला बाल्कनीचे सरकते दार असेल, तर ते बदलतील, पण दिशा हीच राहील. सोफा मागच्या भिंतीला चिकटवण्याची आपल्याकडे पद्धत आहे आणि तसे बसल्यावर खर्ज भरपूर वाटतो हे खरे. मात्र तिथे लांबीच्या दिशेच्या सगळ्याच उभ्या लाटा शिखरावर असतात, म्हणून तो खर्ज मोठा असला तरी स्पष्ट नसतो.

आपल्या घरांबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो, कारण इंग्रजीतून वाचलेला सल्ला या ठिकाणी दिशाभूल करतो. अमेरिकेतील बरीच घरे लाकडी सांगाड्यावर जिप्सम बोर्ड ठोकून बांधलेली असतात. त्या भिंती खर्जाच्या दाबाने किंचित हलतात, आणि त्या हलण्यात बरीचशी ऊर्जा खर्च होते. आपल्या काँक्रीटच्या आणि विटांच्या भिंती हलत नाहीत. त्या खर्ज जवळजवळ जसाच्या तसा परत फेकतात. म्हणून त्याच मापाच्या खोलीत आपल्याकडे शिखरे अधिक उंच आणि दऱ्या अधिक खोल असतात, आणि स्वर थांबल्यावरही घुमारा रेंगाळतो. तिकडे ज्या खोलीला दोन मोठे सबवूफर लागतात असे सांगितले जाते, तिथे आपल्याला जोर कमी लागतो, पण जागेची निवड कितीतरी अधिक काळजीने करावी लागते.

पातळपणाची आणखी दोन कारणे सबवूफरच्या दुकानात जाण्याआधी तपासावीत. पहिले कारण जमिनीचे. गुळगुळीत फरशी, काचेचे दार आणि उघड्या भिंती असलेल्या खोलीत वरचे स्वर उसळत राहतात, आणि ते उसळले की खालचे त्यांच्या मानाने दुबळे वाटतात. स्पीकर आणि खुर्ची यांच्या मध्ये जाड गालिचा आणि दाराला जड पडदा एवढ्यानेच अनेक खोल्यांत गायकाचा आवाज भरीव झालेला मी ऐकला आहे, आणि त्यासाठी खर्जाला हातही लावावा लागला नाही.

दुसरे कारण आपल्या कानाचे. हळू आवाजात माणसाचा कान खर्ज कमी ऐकतो; हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये बेल लॅबोरेटरीजमध्ये हे मोजून दाखवले, आणि आजचे आंतरराष्ट्रीय मानकही त्याच दिशेचे आहे. मधल्या स्वरांची पातळी ८० डेसिबलवरून ६० वर आणली, तर ५० हर्ट्झचा स्वर मधल्या स्वरांच्या तुलनेत पूर्वीइतका ऐकू येण्यासाठी सात-आठ डेसिबल अधिक द्यावा लागतो. तुम्ही रात्री ऐकता, म्हणजे हळूच ऐकता. जुन्या ॲम्प्लिफायरवर ‘लाउडनेस’ नावाचे बटण यासाठीच असे. तुमच्या ॲम्प्लिफायरवर ते असेल, किंवा नुसती ‘बेस’ची कळ असेल, तर रात्री ती थोडी वाढवण्यात कसलाही कमीपणा नाही. ‘टोन कंट्रोलला हात लावला म्हणजे शुद्धता गेली’ हा समज मला कधीच पटला नाही.

आता मुख्य प्रश्न: तुम्ही जे ऐकता त्यात सबवूफरच्या प्रदेशातले काही आहे का? साडेसहा इंची वूफरचा चांगला बुकशेल्फ स्पीकर ५० हर्ट्झच्या आसपासपर्यंत नीट उतरतो. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकचा धरला, तर त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर असते. स्त्री गायिकेची त्याहून बरीच वर. डग्ग्याचा हिशेब वर आलाच. म्हणजे ख्यालाच्या मैफलीतील एकही मूळ स्वर तुमच्या स्पीकरांच्या आवाक्याबाहेर नाही. शास्त्रीय संगीतासाठी सबवूफर अनिवार्य आहे असे कोणी म्हणत असेल, तर ते खरे नाही. विद्युत ध्वनिमुद्रण १९२५ मध्ये सुरू झाले. त्याआधीच्या, भोंग्यासमोर गाऊन केलेल्या मुद्रणांत २०० हर्ट्झच्या खाली फारसे काही उमटत नसे. त्यामुळे ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून उतरवलेली जुनी नाट्यपदे ऐकताना सबवूफर गायकाच्या आवाजात काहीही घालणार नाही; घातलीच तर तबकडी फिरवणाऱ्या यंत्राची घरघर घालील. ती पदे ऐकताना तो बंद ठेवावा हेच उत्तम.

जॅझची गोष्ट निराळी. डबल बासची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झवर लागते, पाच तारांच्या बास गिटारची ३१ वर, आणि पियानोची शेवटची पट्टी साडेसत्तावीस हर्ट्झवर. चित्रपटांतील स्फोट, गडगडाट आणि संगणकावर तयार केलेला खर्ज त्याहूनही खाली जातो, आणि नव्वदच्या दशकापासूनच्या चित्रपटसंगीतातही हा प्रदेश मोकळेपणाने वापरला जातो. इथे तुमचे स्पीकर खरोखर थांबतात. त्यांच्या पेटीला मागे किंवा पुढे नळीचे भोक असेल, तर नळीच्या स्वराखाली त्यांचा आवाज सप्तकाला २४ डेसिबल इतक्या वेगाने घसरतो. म्हणजे २५ हर्ट्झला तिथे काहीच उरत नाही. तेव्हा तुमच्या ऐकण्यात जॅझ आणि चित्रपट यांना किती वाटा आहे, हे तुम्हीच प्रामाणिकपणे ठरवायला हवे.

तरीही शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांनाही मी काही वेळा सबवूफर घ्यायला सांगतो, आणि त्याचे कारण ‘आणखी खाली जाणे’ हे नसते. स्पीकर कुठे ठेवावेत हे गायक मध्ये आणि तबला त्याच्या शेजारी असे चित्र कुठे नीट उभे राहते त्यावर ठरते. खर्ज मात्र कुठून आल्यावर सगळ्या स्वरांत समान पोहोचेल हे खोलीच्या लाटांवर ठरते. या दोन जागा एकच असण्याचे काही कारण नाही, आणि बहुतेक घरांत त्या एक नसतातच. वर मी स्पीकर तीन फूट पुढे घ्यायला सांगितले. त्याने चित्र सुधारेल आणि ७० हर्ट्झचा घुमारा उतरेल, पण स्पीकरांमागच्या भिंतीवरून परतणारी लाट ९४ हर्ट्झच्या आसपास समोरच्या लाटेला छेद देईल आणि तिथे एक दरी पडेल. शिवाय भिंतीचा आधारही कमी होईल. पुढे आणले तर बारीक, मागे नेले तर घुमणारे. ज्यांनी स्पीकर हलवून पाहिले आहेत त्यांना हा पेच ठाऊक असेल. सबवूफर तो सोडवतो, कारण तो खर्जाला त्याची स्वतंत्र जागा देतो. म्हणूनच मी सुरुवातीला जागांची अट घातली. तो हलवता येत नसेल, तर त्याचा सर्वांत मोठा फायदा खरेदीच्या दिवशीच संपतो.

दुसरा फायदा तुमच्या स्पीकरांना मिळतो. एखादा स्वर तितक्याच जोराने एक सप्तक खाली वाजवायचा असेल, तर वूफरच्या पडद्याला चौपट अंतर पुढे-मागे हलावे लागते. ज्या पडद्यावर गायकाचा आवाज आहे, त्याच पडद्याने डबल बासचे हेलकावेही काढायचे असतील, तर गायकाच्या आवाजावर त्याचा ओरखडा उठतोच. ८० हर्ट्झच्या खालचे काम त्याच्याकडून काढून घेतले की मधला भाग स्वच्छ होतो आणि ५० वॉटचा ॲम्प्लिफायरही मोकळा श्वास घेतो. मला विचाराल तर गायनप्रेमींसाठी सबवूफरचे खरे देणे हेच आहे. पण ते मिळण्यासाठी मुख्य स्पीकरांकडे जाणाऱ्या संकेतातून खर्ज गाळला जायला हवा, आणि नेमके हेच बऱ्याच इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायरमध्ये होत नाही. मागे ‘सब आउट’ लिहिलेले असते, पण ते केवळ संकेताची एक प्रत बाहेर देते. मुख्य स्पीकर पूर्वीसारखेच सगळे वाजवत राहतात. तुमच्या ॲम्प्लिफायरच्या मागे पाहा. प्री-आउट आणि मेन-इन अशी वेगळी टोके असतील, तर त्यांच्या मध्ये क्रॉसओव्हर (खालचे आणि वरचे स्वर वेगळे करणारे यंत्र) बसवता येतो. नव्या, स्ट्रीमिंगची सोय असलेल्या काही ॲम्प्लिफायरमध्ये हा क्रॉसओव्हर आतच असतो. यांपैकी काहीच नसेल, तर सबवूफर फक्त तळाला, ५०-५५ हर्ट्झच्या खाली, भर घालील. तेही वाईट नाही, पण मग अपेक्षा तेवढीच ठेवावी.

‘सब आउट’ही नसेल, तर स्पीकरच्या तारांवरूनच संकेत घेण्याची सोय बऱ्याच सबवूफरमध्ये असते आणि ती उत्तम चालते. इथे एक सावधगिरी बाळगायलाच हवी. क्लास डी प्रकारच्या आणि ब्रिज पद्धतीच्या अनेक ॲम्प्लिफायरमध्ये स्पीकरच्या काळ्या टोकावरही संकेत असतो. ते टोक जमिनीशी जोडलेले आहे असे गृहीत धरून सबवूफरची तार तिथे लावली, तर ॲम्प्लिफायर जळू शकतो. दोन्ही यंत्रांची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय ही जोडणी करू नका, आणि दुकानातून आलेल्या मुलालाही करू देऊ नका.

जोडणीनंतरचा नेहमीचा त्रास म्हणजे हूं असा अखंड आवाज. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे, आणि ५० व १०० हे दोन्ही स्वर सबवूफरला चांगलेच वाजवता येतात. त्यामुळे जी गुणगुण लहान स्पीकरांतून कधी ऐकू आली नसेल, ती आता खोली भरून टाकते. सबवूफर आणि ॲम्प्लिफायर एकाच बोर्डावरून चालवा. केबल टीव्हीची किंवा डिशची तार सेट-टॉप बॉक्समधून काढून पाहा, कारण बहुतेक वेळा त्या तारेमार्गेच अर्थिंगचा दुसरा रस्ता तयार झालेला असतो. काहीही झाले तरी अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा उपाय करू नका. त्याने गुणगुण जाईल, पण यंत्राच्या धातूच्या अंगावर वीज उतरली तर वाचवणारे काही उरणार नाही.

आता दुकानदाराने सुचवलेल्या मापाविषयी. तुमच्या खोलीसाठी दहा इंची सबवूफर योग्य आहे. त्याच्या पडद्याचे क्षेत्रफळ साडेसहा इंची वूफरच्या सुमारे अडीच पट असते आणि तो पुढे-मागेही कितीतरी अधिक हलू शकतो. संगीत हा मुख्य हेतू असेल, तर मी बंद पेटीचा, म्हणजे नळीचे भोक नसलेला, निवडीन. बंद पेटीचा आवाज तळाकडे सप्तकाला १२ डेसिबल या मंद उताराने कमी होतो, आणि लहान, टणक भिंतींच्या खोलीत तळाला खोलीचीच जी भर पडते तिच्याशी हा उतार चांगला जुळतो. शिवाय स्वर थांबल्यावर तोही लवकर थांबतो. भोकाचा सबवूफर त्याच पैशांत अधिक जोराचा मिळतो आणि मोठ्या खोलीतील चित्रपटांसाठी तो बरोबर आहे. होम थिएटरच्या एकत्रित संचातील पेटी सुटी विकत मिळत असेल तर ती घेऊ नका. त्यातील बऱ्याच पेट्या एका अरुंद पट्ट्यात जोर दाखवतात, आणि मग डबल बासवरचा प्रत्येक स्वर एकाच उंचीचा वाटतो. त्यापेक्षा सबवूफर नसलेला बरा.

एक की दोन? हार्मन कंपनीतील टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये मांडलेल्या अभ्यासात चार भिंतींच्या मध्यावर चार सबवूफर ठेवल्यास सर्व आसनांवरचा खर्ज सर्वांत समान मिळतो, आणि समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यावरचे दोनही त्याच्या जवळ पोहोचतात, असे दिसले. पण तो प्रश्न अनेक आसनांचा होता. तुम्ही एकटे, एका खुर्चीत ऐकता. तुम्हाला एक चांगला, नीट जागी बसवलेला सबवूफर पुरेल.

जागा शोधण्याची रीत विचित्र दिसते पण बिनचूक आहे. सबवूफर ऐकण्याच्या खुर्चीवरच ठेवा, डबल बासची एखादी सावकाश चालणारी चाल पुन्हा पुन्हा लावा, आणि भिंतींच्या कडेने कान जमिनीजवळ ठेवून फिरा. ध्वनी देणारा आणि घेणारा यांची अदलाबदल केली तरी खोलीचा परिणाम बदलत नाही, म्हणून जिथे सगळे स्वर सारख्या जोराचे ऐकू येतील, तिथे ठेवलेला सबवूफर खुर्चीत तसाच ऐकू येईल. तुमच्या खोलीत मी सुरुवात बाजूच्या एका लांब भिंतीपाशी, पुढच्या भिंतीपासून चार फुटांवर करीन. ७० हर्ट्झची लाट तिथे शांत असते, त्यामुळे डग्ग्याला घुमवणाऱ्या त्या शिखराला सबवूफरकडून खतपाणी मिळणार नाही, आणि ३५ हर्ट्झची लाट मात्र तिथून पुरेशी जागी होते. कोपरा सगळ्याच लाटांना उठवतो. तिथे आवाज सर्वांत मोठा होतो आणि म्हणूनच तो पहिल्या ऐकण्यात भुलवतो.

जागा ठरली की क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवून सुरुवात करा. टीएचएक्स या ध्वनिमानके ठरवणाऱ्या कंपनीने चित्रपटांच्या ध्वनीसाठी हाच आकडा प्रमाण धरला आहे, कारण त्याखालच्या स्वरांची दिशा कानाला सहसा कळत नाही. नंतर ८० हर्ट्झचा एकसारखा स्वर वाजवून सबवूफरवरचा फेजचा (लाटेची दिशा उलटवणारा) खटका ० आणि १८० वर आलटून पालटून पाहा. ज्या बाजूला खुर्चीत आवाज मोठा येतो, ती बाजू बरोबर, कारण तिथे सबवूफर आणि स्पीकर एकमेकांना साथ देत आहेत. पातळी शेवटी ठरवा आणि ती संगीताने नव्हे, तर बोलण्याने ठरवा. आकाशवाणीवरील बातम्या लावा. निवेदकाचा आवाज सबवूफर चालू केल्यावर छातीतून आल्यासारखा जड झाला, तर क्रॉसओव्हर फार वर आहे किंवा पातळी जास्त आहे. बातम्यांत काहीही फरक पडू नये आणि डबल बासला मात्र पाय मिळावेत, इतकी पातळी बरोबर. मग आठवडाभर तिला हात लावू नका. नवीन यंत्र आल्यावर ते ऐकू यावे अशी इच्छा फार प्रबळ असते, आणि बहुतेक सबवूफर त्या इच्छेपायी चार-पाच डेसिबल जास्त वाजत राहतात.

मोजमाप करण्याची तयारी असेल तर ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे संगणकावर फुकट चालणारे साधन आणि यूएसबीला लागणारा एक मोजणीचा मायक्रोफोन एवढे पुरते. आलेखात शिखर दिसले तर इक्वलायझरने ते खाली आणावे. दरी दिसली तर ती भरण्याचा प्रयत्न करू नये. दरीच्या जागी लाटा एकमेकींना खोडत असतात, तिथे जितका जोर वाढवाल तितकाच खोडला जाईल, आणि ॲम्प्लिफायर मात्र दमेल. दरीवर उपाय एकच, काहीतरी हलवणे.

तुमच्याकडे रेकॉर्ड प्लेयर असेल तर सबवूफर त्याच फळीवर किंवा त्याच्या अगदी जवळ ठेवू नका. वाकडी तबकडी आणि ८ ते १२ हर्ट्झच्या आसपास असणारे टोनआर्मचे स्वतःचे कंपन यांमुळे ऐकू न येणारी हालचाल सबवूफरच्या पडद्याला सतत धक्के देते. ॲम्प्लिफायरच्या फोनो (रेकॉर्ड प्लेयर जोडण्याच्या) विभागात अशी ऐकू न येणारी कंपने गाळणारा सबसॉनिक फिल्टर असेल तर तो लावावा.

शेवटी शेजाऱ्यांचा विचार, जो चौथ्या मजल्यावर टाळता येत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे, पण ती ‘ए’ भारांकनाने मोजली जाते, आणि त्या भारांकनात ५० हर्ट्झचा स्वर तब्बल ३० डेसिबलने कमी धरला जातो. म्हणजे मापकावर सगळे नियमात दिसत असतानाही खालच्या घरातील आजींच्या पलंगापर्यंत तुमचा डबल बास पोहोचलेला असू शकतो. सबवूफरखाली रबराच्या गाद्या घातल्याने त्याचा थेट फरशीला बसणारा धक्का कमी होतो. मात्र बराचसा खर्ज हवेतूनच भिंतींवर आणि छतावर दाब देऊन पलीकडे जातो, आणि त्यावर गादीचा काही उपयोग नाही. खरेदी करण्याआधी दुकानदाराकडून तो चार दिवसांसाठी घरी मागा, परत देण्याची अट लिहून घ्या, आणि तुम्ही नेहमी ऐकता त्याच रात्रीच्या वेळी, त्याच पातळीवर तो चालू ठेवून वरच्या आणि खालच्या घरांत स्वतः जाऊन ऐकून या. दुकानदार घरी द्यायला तयार नसेल, तर दुसरा दुकानदार पाहा.